विनोदवीराचा मुक्काम : ब्रॉडवेवरील मर्यादित प्रयोगांचे गणित

आज या शहरात तर उद्या त्या शहरात, एक ध्वनिक्षेपक, एक उंच स्टूल आणि पाण्याचा पेला एवढ्या सामग्रीवर हजारो प्रेक्षकांना हसविणारा विनोदवीर अमेरिकेत नवा नाही. मात्र हाच कलावंत फिरणे थांबवून एखाद्या नाट्यगृहात काही आठवडे मुक्कामाला राहिला, तर त्याचे प्रयोग चालतील काय, हा प्रश्न तेथील निर्मात्यांना गेली चार दशके पडत आला आहे. काहींना या मुक्कामाने अमाप यश दिले, काहींना दोन आठवड्यांत गाशा गुंडाळावा लागला. यशापयशाचा हा हिशेब केवळ कलावंताच्या लोकप्रियतेवर बेतलेला नाही. नाट्यगृहाच्या मोकळ्या तारखा, आठवड्याचा खर्च, संहितेची बांधणी आणि मुक्कामाची मुदत या चारही गोष्टींचा त्यात वाटा असतो. त्यातही मुदत महत्त्वाची. मुदत अल्प असेल तर कलावंताचे नाव पुरते. ती लांबली की संहितेची कसोटी लागते.

दौरा आणि मुक्काम

दौऱ्यावरील विनोदवीराचे अर्थकारण सरळ असते. प्रत्येक शहरात त्याचा चाहतावर्ग ठरलेला असतो. तो एका रात्रीत सभागृहात जमतो, हसतो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी कलावंत पुढच्या शहरात असतो. एकाच शहरातील प्रेक्षकांवर त्याला अवलंबून राहावे लागत नाही. लोकप्रियता वाढली की तो प्रयोगांची संख्या वाढविण्याऐवजी सभागृहाचा आकार वाढवितो. १९९० मध्ये अँड्र्यू डाइस क्ले याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लागोपाठ दोन रात्री सर्व तिकिटे विकून दाखविली. केव्हिन हार्ट याने तर ऑगस्ट २०१५ मध्ये फिलाडेल्फियातील फुटबॉलच्या मैदानावर सुमारे ५३ हजार प्रेक्षकांसमोर कार्यक्रम केला.

मुक्कामाचे गणित याच्या नेमके उलट असते. न्यूयॉर्कमध्ये एखाद्या विनोदवीराचे वीस हजार चाहते तिकीट काढण्यास तयार आहेत, असे धरू. मोठ्या बंदिस्त क्रीडागृहात ते एका रात्रीत सामावतील. हजार आसनांच्या नाट्यगृहात त्यांच्यासाठी वीस प्रयोग करावे लागतील. ब्रॉडवेवरील प्रघातानुसार आठवड्याला आठ प्रयोग धरले, तर हा मुक्काम अडीच आठवड्यांचा होतो. चाहते संपले की त्यापुढील प्रत्येक आसनासाठी नवा प्रेक्षक शोधावा लागतो, आणि खरी अडचण तेथेच सुरू होते.

मग एका रात्रीत होणारे काम अडीच आठवडे का करायचे? त्याची कारणे व्यावहारिक आहेत. हजार आसनांच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही कलावंताचा चेहरा दिसतो. क्रीडागृहात त्याला पडद्यावरील चित्रावर समाधान मानावे लागते. नाट्यगृहात कलावंताला अर्धविरामाचा, शांततेचा आणि कुजबुजीचा उपयोग करता येतो. वृत्तपत्रांचे नाट्यसमीक्षक शुभारंभाच्या प्रयोगाला येतात. दौऱ्यातील एखाद्या रात्रीची दखल ते क्वचितच घेतात. शिवाय ब्रॉडवेवर प्रयोग झाल्याचा लौकिक पुढील दौऱ्यात, चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीवर उपयोगी पडतो.

नाट्यगृहांची व्यवस्था

‘ब्रॉडवे’ हे रस्त्याचे नाव असले तरी रंगभूमीच्या परिभाषेत मॅनहॅटनच्या नाट्यविभागातील पाचशे वा अधिक आसनांच्या नाट्यगृहांना ही संज्ञा लावली जाते. अशी ४१ नाट्यगृहे आहेत. त्यांपैकी १७ एकट्या शुबर्ट संस्थेच्या ताब्यात आहेत. शंभर ते ४९९ आसनांची नाट्यगृहे ‘ऑफ-ब्रॉडवे’ या वर्गात मोडतात.

येथे नाट्यगृह एका प्रयोगापुरते मिळत नाही. निर्माता ते अनेक आठवड्यांसाठी घेतो. नाट्यगृहाचे ठरलेले खर्च तो भरतो, त्याशिवाय तिकीटविक्रीतील काही टक्के वाटा मालकाला देतो. करारात सहसा एक अट असते. आठवड्याचे उत्पन्न सलग दोन आठवडे ठरलेल्या किमान रकमेखाली गेले, तर मालक निर्मात्याला नाट्यगृह रिकामे करण्यास सांगू शकतो. रंगमंच कामगारांच्या संघटना प्रबळ असल्याने, मंचावर एकच माणूस उभा असला तरी पडद्यामागील वेतनाचा भार पूर्णपणे टळत नाही.

तरीही एकपात्री प्रयोगाचा आठवड्याचा खर्च संगीतिकेच्या तुलनेत फारच कमी असतो. वादकवृंद नाही, नर्तक नाहीत, वेशभूषेचा पसारा नाही. म्हणूनच संगीतिकेला तोट्यात घालणारे उत्पन्न एकपात्री प्रयोगाला नफ्यात ठेवू शकते. याची दुसरी बाजू अशी, की सारा भार एकाच गळ्यावर पडतो. नाटकात एखादा नट आजारी पडला तर बदली नट उभा राहतो. विनोदवीराचा घसा बसला तर प्रयोग रद्द करून तिकिटांचे पैसे परत करावे लागतात.

प्रेक्षकांचे स्वरूपही ध्यानात घ्यावे लागते. करोनाच्या साथीपूर्वीच्या २०१८-१९ या हंगामात ब्रॉडवेवर सुमारे १ कोटी ४८ लाख तिकिटे विकली गेली आणि उत्पन्न सुमारे १८३ कोटी डॉलर झाले. त्या हंगामात सुमारे ६५ टक्के प्रेक्षक बाहेरगावचे पर्यटक होते. परदेशी पर्यटक सहसा संगीतिकेकडे वळतो, कारण संवाद पूर्ण कळले नाहीत तरी गाणी आणि नेपथ्य त्याला आनंद देतात. विनोदाचे तसे नाही. तो भाषेवर, स्थानिक संदर्भांवर आणि उच्चारांच्या लकबींवर उभा असतो. त्यामुळे विनोदवीराच्या मुक्कामाला पर्यटकांचा आधार तुलनेने कमी मिळतो.

मोकळ्या तारखांचा लाभ

अल्प मुदतीच्या यशस्वी प्रयोगांची यादी पाहिली, तर त्यांत एक साम्य आढळते. दोन मोठ्या निर्मितींच्या मध्ये नाट्यगृह मोकळे असताना, आणि तेही बहुधा उन्हाळ्यात, हे प्रयोग झाले आहेत. टोनी पुरस्कारांच्या पात्रतेची मुदत एप्रिलच्या अखेरीस संपत असल्याने नव्या निर्मितींची गर्दी वसंत ऋतूत होते. पुरस्कार जाहीर झाल्यावर न चाललेली नाटके बंद पडतात आणि पुढील हंगामाची नाटके येईपर्यंत काही नाट्यगृहे मोकळी राहतात. रिकामे नाट्यगृह मालकाला परवडत नाही. मोठे नेपथ्य न लावता चार दिवसांत येऊन चार दिवसांत जाणारा विनोदवीर अशा वेळी सोयीचा ठरतो.

जेरी साइनफेल्ड याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याच्या नावाची दूरचित्रवाणी मालिका मे १९९८ मध्ये संपली. त्यानंतर दौरा करून तो ऑगस्टमध्ये ब्रॉडहर्स्ट नाट्यगृहात आला. आपले जुने विनोद अखेरचे सांगून ते कायमचे निवृत्त करण्याची कल्पना त्याने मांडली होती आणि कार्यक्रमाच्या शीर्षकातही ती होती. हा मुक्काम पुरता आठवडाभराचाही नव्हता. ९ ऑगस्ट रोजी अखेरचा प्रयोग एचबीओ वाहिनीने थेट प्रक्षेपित केला. याच नाट्यगृहात जानेवारी १९९९ मध्ये ‘फॉसी’ ही नृत्यप्रधान निर्मिती सुरू झाली. म्हणजे साइनफेल्डला मिळालेल्या तारखा मधल्या मोकळ्या काळातील होत्या.

रॉबिन विल्यम्सने २००२ मध्ये दौऱ्याच्या अखेरीस ब्रॉडवे थिएटर याच नावाच्या मोठ्या नाट्यगृहात प्रयोग केले. १४ जुलैचा प्रयोग एचबीओने थेट दाखविला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथे बाझ लुहरमन दिग्दर्शित ‘ला बोहेम’ सुरू झाले. डेव्ह शॅपेल याचा जुलै २०१९ मधील मुक्काम लंट-फॉन्टॅन नाट्यगृहात झाला. तेथे ऑक्टोबरमध्ये टीना टर्नर हिच्या जीवनावरील संगीतिका येणार होती. त्याआधीच्या मोकळ्या महिन्यांत मॉरिसी, मेल ब्रुक्स, बॅरी मॅनिलो अशा कलावंतांचे अल्पकालीन कार्यक्रम तेथे ठेवण्यात आले. शॅपेल हा त्याच मालिकेतील एक होता.

या तिन्ही प्रयोगांना फारशी जाहिरात लागली नाही. नावच पुरेसे होते. तथापि ते काही महिने चालले असते असे यावरून म्हणता येणार नाही. तशी परीक्षा त्यांनी दिलीच नाही. मुदतीची मर्यादा हेच त्यांच्या तिकीटविक्रीचे बळ होते. ‘आता नाही तर कधीच नाही’ ही भावना प्रेक्षकाला तिकीटबारीकडे ओढून आणते. ज्याचा मुक्काम वारंवार वाढविला जातो, त्याच्या बाबतीत ही भावना हळूहळू ओसरते.

विनोदाला कथेचा धागा

मुक्काम महिन्याच्या पुढे गेला की चाहत्यांची पहिली लाट ओसरते. त्यानंतरचे प्रेक्षक मौखिक प्रसिद्धीवर येतात. ‘फार हसलो’ एवढे सांगून शेजाऱ्याला महागडे तिकीट काढायला लावता येत नाही. काय पाहिले, हे त्याला सांगता यावे लागते. कथेचा धागा येथे कामी येतो.

व्हूपी गोल्डबर्ग हिचे नाव १९८४ पूर्वी फारसे कोणाला ठाऊक नव्हते. छोट्या रंगमंचांवर ती निरनिराळ्या व्यक्तिरेखा साकारीत असे. दिग्दर्शक माइक निकोल्स यांनी तिचा प्रयोग पाहिला आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये लायसियम नाट्यगृहात तिला ब्रॉडवेवर आणले. व्यसनाधीन पण उच्चशिक्षित भुरटा, डोक्यावर पांढरा कपडा घेऊन आपले केस लांब व सोनेरी असल्याची कल्पना करणारी कृष्णवर्णीय मुलगी, अशा तिच्या व्यक्तिरेखा हसवता हसवता प्रेक्षकांना अंतर्मुख करीत. हा प्रयोग मार्च १९८५ पर्यंत चालला. त्याच वर्षी स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा ‘द कलर पर्पल’ प्रदर्शित झाला आणि ती चित्रपटतारका झाली. नाव नसताना केवळ आशयाच्या बळावर मुक्काम यशस्वी झाल्याचे हे ठळक उदाहरण होय.

लिली टॉमलिन हिने १९८५ मध्ये जेन वॅग्नर लिखित एकपात्री नाटक प्लिमथ नाट्यगृहात आणले. अनेक पात्रांच्या कथा एकमेकींत गुंतविणारी ती बांधीव संहिता होती. ते वर्षाहून अधिक काळ चालले आणि १९८६ मध्ये टॉमलिनला नाटकातील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा टोनी पुरस्कार मिळाला. येथे विनोदवीर आणि नटी यांतील सीमारेषा पुसली गेली होती.

बिली क्रिस्टल याच्या ‘७०० संडेज’ने हा मार्ग अधिक रुंद केला. क्रिस्टल पंधरा वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. ते दोन नोकऱ्या करीत आणि रविवार तेवढा मुलांना देत. वडिलांसोबत मिळालेल्या सुमारे सातशे रविवारांचा हा हिशेब आहे. रंगमंचावर त्याच्या बालपणीच्या घराचा दर्शनी भाग उभारलेला होता आणि त्याच्या खिडक्यांत घरगुती चित्रफिती दिसत. कॅलिफोर्नियातील ला होया येथे प्रारंभिक प्रयोग करून हा कार्यक्रम डिसेंबर २००४ मध्ये ब्रॉडहर्स्टमध्ये आला आणि सुमारे सहा महिने चालला. साइनफेल्डने ज्या नाट्यगृहात काही दिवस काढले, तेथेच क्रिस्टलने सहा महिने काढले. दोघेही नामवंत होते. फरक मुख्यतः संहितेच्या स्वरूपाचा होता. क्रिस्टलने हाच प्रयोग २०१३ मध्ये इम्पीरियल नाट्यगृहात पुन्हा आणला, तोही मर्यादित मुदतीसाठी.

अलीकडच्या काळात माइक बर्बिग्लिया याने हा प्रकार नेटाने हाताळला आहे. वडील होण्याची अनिच्छा आणि नंतरची ओढ सांगणारा ‘द न्यू वन’ २०१८ मध्ये कॉर्ट नाट्यगृहात झाला. स्वतःची प्रकृती आणि मृत्यूचे भय यांवरील ‘द ओल्ड मॅन अँड द पूल’ २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये लिंकन सेंटरच्या व्हिव्हियन बोमाँट नाट्यगृहात सुरू होऊन जानेवारी २०२३ मध्ये संपला. दोन्ही वेळा मुदत सुमारे अडीच ते तीन महिन्यांची होती. अनेक शहरांत फिरून घासूनपुसून घेतलेली संहिता, दिग्दर्शकाचा हात आणि साधे पण अर्थपूर्ण नेपथ्य ही या प्रयोगांची वैशिष्ट्ये होत.

घडण छोट्या रंगमंचावर

असे प्रयोग एकाएकी तयार होत नाहीत. त्यांची घडण बहुधा छोट्या नाट्यगृहांत आणि महोत्सवांत होते. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे १९४७ पासून दर ऑगस्टमध्ये भरणाऱ्या फ्रिंज महोत्सवाचा या संदर्भात आवर्जून उल्लेख करावा लागेल. येथे विनोदवीराला साधारण एक तासाचा अवधी मिळतो आणि तोच कार्यक्रम तो त्याच खोलीत तीन आठवड्यांहून अधिक काळ रोज सादर करतो. क्लबातील वीस मिनिटांच्या करमणुकीत विनोदांची मालिका पुरते. तासाभरासाठी मात्र आरंभ, मध्य आणि शेवट लागतो. शिवाय एकाच जागी रोज प्रयोग करण्याची सवय, म्हणजे मुक्कामाची तालीमही येथे होते.

ॲलेक्स एडेलमन याचा ‘जस्ट फॉर अस’ हा कार्यक्रम याच वाटेने आला. गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कार करणाऱ्या गटाच्या न्यूयॉर्कमधील बैठकीत हा ज्यू तरुण जाऊन बसला, त्याची ही हकिगत. २०१८ मध्ये मेलबर्न आणि एडिंबरो येथील महोत्सवांतून तो पुढे आला. ऑफ-ब्रॉडवेवरील छोट्या नाट्यगृहांत त्याचे प्रयोग वाढत गेले आणि २०२३ च्या उन्हाळ्यात हडसन नाट्यगृहात तो ब्रॉडवेवर दाखल झाला. प्रारंभापासून त्याला आकार देणारे दिग्दर्शक ॲडम ब्रेस यांचे ब्रॉडवेवरील शुभारंभापूर्वीच निधन झाले. २०२४ मध्ये एडेलमनला विशेष टोनी पुरस्कार देण्यात आला. छोट्या खोलीतून मोठ्या नाट्यगृहापर्यंतच्या या वाटचालीस पाच वर्षे लागली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रयोग कलावंताहून मोठा झाला तर

मर्यादित मुदतीचा नियम मोडणारे एक उदाहरण आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबांत विनोद सांगणाऱ्या रॉब बेकर याने स्त्री-पुरुषांच्या स्वभावभेदावर ‘डिफेंडिंग द केव्हमन’ हा एकपात्री प्रयोग रचला. १९९५ मध्ये तो हेलन हेज नाट्यगृहात आला आणि १९९७ पर्यंत ७०२ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर सर्वाधिक काळ चाललेले एकपात्री नाटक म्हणून त्याची नोंद आहे. त्याच्या यशात नाट्यगृहाचाही वाटा होता. हेलन हेज हे ब्रॉडवेवरील सर्वांत लहान नाट्यगृह असून तेथे सुमारे सहाशेच आसने आहेत. ती रोज भरणे तुलनेने सोपे जाते. पुढे बेकरऐवजी इतर नटांनी अनेक देशांत आणि अनेक भाषांत हा प्रयोग केला. विनोद कलावंताच्या नावापासून सुटा होऊ शकला, की दौरा आणि मुक्काम दोन्ही चालू ठेवता येतात, हा त्यातून निघणारा बोध.

अपयशाची नोंद

जॅकी मेसन याची कारकीर्द यशापयशाच्या दोन्ही बाजू दाखविते. पूर्वायुष्यात धर्मगुरू असलेल्या या विनोदवीराचा प्रभाव एके काळी ओसरला होता. डिसेंबर १९८६ मध्ये ब्रुक्स ॲटकिन्सन नाट्यगृहात त्याने ‘द वर्ल्ड अकॉर्डिंग टू मी’ सुरू केले आणि त्याचे नशीब पालटले. १९८७ मध्ये त्याला विशेष टोनी पुरस्कार मिळाला. त्यानंतर तो दर काही वर्षांनी नवा कार्यक्रम घेऊन ब्रॉडवेवर येत राहिला. न्यूयॉर्कमधील त्याचा प्रेक्षकवर्ग एकनिष्ठ होता आणि एकट्या माणसाचा खर्च बेताचा होता.

२००३ मध्ये मात्र त्याने सहकलावंत, गाणी आणि नृत्ये यांची जोड देऊन ‘लाफिंग रूम ओन्ली’ हा संगीतमय कार्यक्रम त्याच नाट्यगृहात आणला. अवघ्या १४ प्रयोगांनंतर तो बंद पडला. कलावंत तोच, नाट्यगृह तेच, शहरही तेच. बदलले होते ते कार्यक्रमाचे स्वरूप आणि त्याबरोबर खर्चाचे प्रमाण. प्रेक्षकांना मेसन हवा होता, त्याच्याभोवतीचा ताफा नको होता. मर्यादित मुदतीच्या प्रयोगात भव्यतेची हाव धोक्याची ठरते, हे या प्रसंगाने दाखवून दिले. मेसन याचे २०२१ मध्ये निधन झाले.

चित्रीकरणाचा आधार

केवळ तिकीटविक्रीवर हा व्यवहार तोलला जात नाही. गोल्डबर्ग, साइनफेल्ड, विल्यम्स, क्रिस्टल, एडेलमन या साऱ्यांचे प्रयोग एचबीओने चित्रित करून दाखविले. बर्बिग्लियाचे वर उल्लेखिलेले दोन्ही प्रयोग नेटफ्लिक्सवर आले. नाट्यगृहातील मुक्काम चित्रीकरणाला सोयीचा असतो. प्रकाशयोजना स्थिर असते, एकाच संहितेचे अनेक प्रयोग झाल्याने शब्द पक्के झालेले असतात आणि दोन-तीन रात्रींच्या चित्रीकरणातून उत्तम भाग निवडता येतो.

अर्थात, येथे एक ताणही आहे. घरबसल्या पडद्यावर दिसलेला कार्यक्रम पुन्हा तिकीट काढून पाहायला फारसे कोणी येत नाही. त्यामुळे चित्रीकरण मुक्कामाच्या अखेरीस होते आणि प्रक्षेपणानंतर त्या संहितेचे आयुष्य जवळजवळ संपते. भ्रमणध्वनीवर गुपचूप टिपलेला विनोद दुसऱ्या दिवशी जगभर पोहोचत असल्याने अनेक विनोदवीर प्रेक्षकांचे भ्रमणध्वनी प्रवेशद्वारापाशीच कुलूपबंद पिशव्यांत ठेवायला लावतात. ज्याची पुनरावृत्ती करायची आहे तो विनोद आधी फुटू न देणे, ही मुक्कामाची गरज झाली आहे.

नाटक की करमणूक?

विनोदवीरांच्या या आगमनाला रंगभूमीवरून आक्षेपही घेतला जातो. नाट्यगृहे मोजकी आहेत. नव्या गंभीर नाटकांना तारखा मिळत नसताना दौऱ्यावरील करमणुकीला त्या द्याव्यात काय, असा प्रश्न विचारला जातो. टोनी पुरस्कारांच्या नियमांतही ही द्विधा दिसते. २००१ मध्ये ‘विशेष नाट्यविष्कार’ असा स्वतंत्र विभाग सुरू करण्यात आला. २००५ मध्ये ‘७०० संडेज’ला याच विभागात पुरस्कार मिळाला. २००९ नंतर हा विभाग बंद झाला. तेव्हापासून अशा प्रयोगांना एक तर नाटकांशी स्पर्धा करावी लागते किंवा विशेष सन्मानावर समाधान मानावे लागते.

दुसरा पक्ष असा, की मोकळे नाट्यगृह कोणाच्याच हिताचे नसते. विनोदवीर आला तर पडद्यामागील कामगारांना, द्वारपालांना आणि तिकीटबारीवरील कर्मचाऱ्यांना काम मिळते. नाटकाकडे सहसा न फिरकणारा तरुण प्रेक्षक प्रथमच नाट्यगृहाची पायरी चढतो. डिसेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात हडसन नाट्यगृहात झालेला सायमन रिच लिखित ‘ऑल इन’ हा कार्यक्रम या दृष्टीने वेगळा होता. विनोदी कथांच्या या वाचनात कलावंत हाती संहिता घेऊन बसत आणि काही आठवड्यांनी कलावंतांचा संच बदलत असे. जॉन मुलेनी हा दौरे गाजविणारा विनोदवीर पहिल्या संचात होता. मुक्काम प्रयोगाचा, पण कलावंत पाहुणे, अशी ही रचना. मात्र जवळजवळ विनानेपथ्य वाचनासाठी आकारलेल्या चढ्या तिकीटदरांवर टीकाही झाली.

मराठी रंगभूमीचा अनुभव

मराठी वाचकाला ‘मुक्काम’ हा शब्द परका नाही. संगीत नाटकांच्या काळात किर्लोस्कर, गंधर्व आदी मंडळ्या एका गावी आठवडेच्या आठवडे मुक्काम करीत आणि गावाची हौस पुरी झाली की बिऱ्हाड हलवीत. पुढे व्यावसायिक नाटकांची पद्धत बदलली. आज मुंबई-पुण्यातील नाट्यगृहे प्रयोगागणिक आणि सत्रागणिक दिली जातात. सकाळी एक नाटक, दुपारी दुसरे, रात्री तिसरे असा क्रम असतो. ब्रॉडवेवर प्रेक्षक नाटकाच्या गावी जातो, येथे नाटक प्रेक्षकाच्या गावी जाते.

या व्यवस्थेत एकपात्री विनोदी प्रयोग उत्तम रुजला. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर एकट्याने उभी केली. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ५२ व्यक्तिरेखा साकारीत देश-विदेशांत प्रयोग केले. २००९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर अभिनेते संदीप पाठक यांनी तो प्रयोग पुढे नेला. या दोन्ही कलाकृतींत सुटे विनोद नाहीत. एका वस्तीची किंवा एका प्रवासाची सलग कथा आहे. ब्रॉडवेवर मुक्काम टिकविणाऱ्या प्रयोगांशी त्यांचे हे नाते लक्षणीय आहे. मात्र येथे एका नाट्यगृहात सलग मुक्कामाची सोय नसल्याने यशाचे मोजमाप आठवड्यांत न होता एकूण प्रयोगसंख्येत होते.

कोणाला साधेल?

एकंदर अनुभवावरून काही ठोकताळे बांधता येतात. एक-दोन आठवड्यांचा मुक्काम राष्ट्रीय कीर्तीच्या विनोदवीराला सहज साधतो. त्याला नाट्यगृहाची मोकळी तारीख आणि चित्रीकरणाचा करार एवढे पुरते. दोन-तीन महिन्यांच्या मुक्कामासाठी सलग कथा, दिग्दर्शक आणि समीक्षकांची अनुकूलता लागते. नाव मध्यम असले तरी चालते. वर्षभराचा मुक्काम फारच थोड्यांना लाभला आहे आणि त्यांपैकी काहींनी एक तर बांधीव नाट्यसंहिता आणली किंवा लहान नाट्यगृह निवडले. खर्च वाढविणारा डामडौल यांपैकी कोणत्याही प्रकारात उपयोगी पडलेला नाही.

ज्याचे नाव मध्यम आहे आणि संहिता अजून कच्ची आहे, अशा विनोदवीराला मात्र ब्रॉडवेची घाई परवडणारी नाही. तीनशे आसनांच्या ऑफ-ब्रॉडवे नाट्यगृहात महिनाभर राहणे त्याच्या अधिक हिताचे. तेथे तोटा आवाक्यात राहतो, रोजच्या प्रयोगाने संहिता पक्की होते आणि मोठ्या नाट्यगृहाची तारीख मोकळी झाली, तर हाताशी तयार प्रयोग असतो. बर्बिग्लिया आणि एडेलमन या दोघांनीही हाच क्रम पाळला होता.